पान नीट वाचा

सांगलीतल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये, आमच्या प्रकल्पाच्या मेळाव्यात, भिंतभर पडद्यावर माझा प्रश्न लावला होता आणि तीस-चाळीस माणसं हसत होती.

तो माझा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. सहा वर्षांपूर्वीचा प्रश्न. खाली नाव फक्त 'सार्वजनिक वाचनालय' आणि गावाचं. आमचे प्रकल्पप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, ते माइकवर तो वाचून दाखवत होते. मुद्दाम आमच्याकडचा हेल काढून.

"माननीय साहेबांना सप्रेम नमस्कार. मी आटपाडी तालुक्यातून लिहीत आहे. आमचे वाचनालय ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत आहे. संगणक जुना आहे. रोज दुपारी दोनला लाईट जाते ती संध्याकाळी येते. वडील मेंढरे घेऊन उंब्रजकडे गेले आहेत, त्यामुळे घरचेही मलाच बघावे लागते. तीन दिवस झाले, सकाळी भरलेली पुस्तके दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत. कृपया मार्ग सांगावा. आपली विश्वासू."

सर थांबले. चष्मा वर केला.

"मेंढरांबरोबर पुस्तकं पण चरायला गेली असतील."

हॉलमध्ये हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने तर टाळीसाठी शेजाऱ्यापुढे हात केला.

मीही हसले. हे लिहायची लाज वाटते, पण तेच आधी लिहायला हवं. तोंडावर हात धरून, सगळ्यांसारखी, सगळ्यांएवढी हसले.

काम काय होतं ते सांगते. वाचनालयातली पुस्तकं नोंदवायचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. फुकट मिळतं, कुणीही वापरावं. ते कसं वापरायचं हे सांगणारी इंटरनेटवर मराठी पानं आहेत, विकी म्हणतात तशी, म्हणजे कुणीही लिहावी, कुणीही सुधारावी. प्रत्येक पानाखाली लोक प्रश्न टाकतात. त्या प्रश्नांचं बघणं माझ्याकडे होतं. पोटासाठी मी सांगलीत एका क्लासमध्ये संगणक शिकवते. हे काम बिनपगारी, हौसेचं. हौस कशाची, तर आपणही त्यांच्यातले एक आहोत याची.

गावाकडून मी जेव्हा तो प्रश्न टाकला, तेव्हा चौथ्या दिवशी उत्तर आलं होतं. तीन शब्दांचं.

"पान नीट वाचा."

आणि प्रश्न बंद. मी पान वाचलं. छापून घेतलं, भाकरी थापताना समोर ठेवून वाचलं. पानात लिहिलं होतं तसंच मी करत होते. प्रत्येक पुस्तकानंतर पडद्यावर 'जतन झाले' असं यायचंही. तरी सकाळी पुस्तकं नसायची. मला वाटलं, आपलंच बोट कुठेतरी चुकतंय. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातलं बोट, चुकणारच. असं मला कुणी म्हणालं नव्हतं. ते माझ्यात आधीपासूनच भरलेलं होतं.

मग एके दिवशी लाईट गेलीच नाही, संध्याकाळी मीच सगळं बंद करून घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्या दिवसाची सगळी पुस्तकं जागच्या जागी. तेव्हा कळलं. नोंदी आधी तात्पुरत्या जागी पडतात. प्रोग्रॅम रीतसर बंद केला तरच कायमच्या यादीत जातात. लाईट गेली की रीतसर बंद कसला, सगळं धाडकन काळं. हे पानात नव्हतं, कारण पान लिहिणाऱ्यांच्या घरी इन्व्हर्टर होते. त्यांच्या घरात लाईट जाते हे त्यांना फक्त दुसऱ्यांकडून कळायचं.

पुढे सांगलीला आले, या मंडळींत शिरले. पहिल्या भेटीत सर म्हणाले, "तुमचं मराठी छान आहे हो. तिकडच्या वाटत नाही." मी आभार मानले. दोन दिवस खूश होते. कसली खूश होते, आता आठवलं की जीव जळतो.

मी पानावर लाईटची ती गोष्ट लिहिली होती. तीन ओळी. सरांनी काढून टाकल्या आणि निरोप पाठवला, "वीजपुरवठा हा आपला विषय नाही." मी 'बरं सर' म्हटलं.

आणि मग मी त्यांचं काम त्यांच्याहून चोख करू लागले. आमच्याकडची माणसं प्रश्न विचारताना आधी आपण कोण ते सांगतात. नमस्कार, नाव, गाव, तालुका, घरात काय अडलंय, मग प्रश्न. कुणाच्या दारात गेलं तरी आधी ओळख सांगायची, मग काम. तशी रीतच आहे. विकीवर त्याला फापटपसारा म्हणायचे. माझं काम तो कापायचा. नमस्कार काप. गाव काप. आजारी सासू काप, गळकं छप्पर काप, लाईट काप. उरलेल्या एका ओळीखाली लिही, पान नीट वाचा. दोन वर्षं मी हे केलं. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, ताईंचा हात बसलाय.

त्या दिवशी हॉलमध्ये हसून झाल्यावर चहाची सुट्टी झाली. लहान वाचनालयांच्या काही जणांचा शाल-नारळ देऊन सत्कार होता, म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांतले एक तात्या कप घेऊन माझ्याजवळ आले. विट्याच्या बाजूचे, साठी ओलांडलेले, खांद्यावर नवी शाल तशीच.

"पोरी, त्या पडद्यावरच्या बाईची पुस्तकं घावली का गं?"

एवढ्या हॉलमध्ये हा एकच प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला स्वतःलाही सुचला नव्हता.

"न्हाई तात्या. पुन्यांदा भरली."

कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून 'न्हाई' आलं.

"तुला कसं ठावं?"

"ती मीच."

तात्या म्हणाले, "मग तू कशापायी हसलीस?"

मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे केली.

"माझीबी गेली," तात्या सांगू लागले. "दोनशेवर. मीबी लिवलं हुतं त्यास्नी, समदं इस्कटून. गावचं नाव, लाईटचं, समदं. कुनीतरी त्यातलं निम्मंशिम्मं कापलं, अन् खाली लिवलं, पान नीट वाचा. म्या वाचलं गं. चष्मा लावून लावून वाचलं. त्यात काय बी न्हवतं."

मी त्यांना गाव विचारलं. त्यांनी सांगितलं. ते गाव मी कापलं होतं. मला ते लख्ख आठवत होतं, कारण पत्रात त्यांनी माझ्यासारखंच 'कृपया मार्ग सांगावा' लिहिलं होतं आणि तेही मी कापलं होतं.

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळणार नव्हतं.

"तात्या, ते मीच केलं."

ते रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कप टेबलावर ठेवला, शाल नीट केली.

"तुला तर ठावं हुतं," ते म्हणाले. "लाईट कवा जाती ते तुला तर ठावं हुतं."

आणि आत निघून गेले.

सरांच्या विनोदाने मला एवढं लागलं नव्हतं. सर गावाकडच्या मला ओळखतच नव्हते. पण मी तात्यांना ओळखत होते. त्यांची वरची खोली, त्यांचा जुना संगणक, दुपारी दोनचा तो काळा झालेला पडदा, सगळं मला पाठ होतं. आणि तरी मी त्यांना ते तीन शब्द दिले. मला मिळालेले, जसेच्या तसे.

चहानंतर सरांनी जाहीर केलं की सोमवारपासून पानांखालचे प्रश्न कायमचे बंद. जुने सगळे काढून टाकायचे, जागा स्वच्छ ठेवायची. "हे काम आपल्या ताई करतील."

मी उठले.

"मी नाही पुसणार."

सर हसले, लहान मुलाकडे बघून हसावं तसं. "ताई, ही माहितीची जागा आहे. गावची चावडी नाही."

"मघाशी तुम्ही जो प्रश्न वाचलात, तो माझा होता. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही."

कुणीही हसलं नाही. टाळी मागणारा तो मुलगा मान खाली घालून मोबाईल बघू लागला. सरांचा चेहरा उतरला, आणि ते अगदी मनापासून म्हणाले,

"अहो, आधी सांगायचं ना. आम्ही तो लावलाच नसता."

म्हणजे दुसऱ्या कुणाचा असता तर चाललं असतं. तात्यांचा चालला असता. मी माझी पिशवी घेतली आणि बाहेर आले. मागून कुणी हाक मारली नाही.

विकीवर काहीच खरोखर पुसलं जात नाही. कापलेलं सगळं जुन्या आवृत्तीत पडून असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासला सुट्टी टाकून मी बसले आणि मी कापलेलं एकेक परत लावू लागले. नमस्कार लावले. गावं लावली, सासवा, छपरं, मेंढरं लावली. वाचत गेले तशी खात्री पटत गेली. कितीतरी प्रश्नांचं उत्तर त्या फापटपसाऱ्यातच होतं. कुणाची लाईट दोनला जाते, कुणाची अकराला. दुपारपर्यंत सरांनी माझे अधिकार काढून घेतले. संध्याकाळच्या निरोपात लिहिलं होतं की मी भावनेच्या भरात शिस्त मोडली.

पण हे सगळं मुक्त आहे असं तेच भाषणात सांगतात. कुणीही घ्यावं, कुणीही दुसरीकडे मांडावं. मी घेतलं. अधिकार जाण्याआधीच सगळं माझ्या संगणकावर उतरवून ठेवलं होतं, आणि आता ते इंटरनेटवर माझ्या स्वतःच्या जागेवर मांडते आहे. पहिल्या पानाच्या पहिल्या तीन ओळी लाईटच्या आहेत. तात्यांचा प्रश्न त्याच्याखाली आहे, पूर्ण, नमस्कारापासून विश्वासूपर्यंत. त्यांना फोन करून सांगितलं. ते 'बरं' म्हणाले. मी माफीची अपेक्षा करत नाही.

त्या प्रश्नाखाली मी लिहिलेले तीन शब्दही तसेच ठेवले आहेत. फक्त आता त्यांच्यापुढे माझं पूर्ण नाव आहे, बापाचं नाव आहे, गाव आणि तालुका आहे. कुणी कितीही सांगितलं तरी ते पुसणार नाही. इथे येणाऱ्याने आधी आपण कोण ते सांगावं, लाईट कधी जाते ते सांगावं, हवं तेवढं लिहावं. वाचायचं काम आता माझं आहे.