पाठीतला खळगा

देपालपूरच्या विहिरीवरची दगडी बाई इंदूरच्या संग्रहालयात नेली, असं कुणीसं सांगितल्यापासून आत्याला चैन नव्हतं. तिचं बालपण देपालपूरचं. ती बाई आपलीच का, एवढंच तिला बघायचं होतं. शेवटी एका रविवारी ह्यांचा बॉक्स कॅमेरा गळ्यात अडकवला आणि आम्ही दोघी महूहून निघालो.

जाणार असाल तर सकाळची पहिली मोटार धरा. राऊपर्यंत वारा गार असतो, पुढे नुसती धूळ. इंदूरला उतरल्यावर गरम पोहे, वर शेव, शेजारी जिलबी. आत्याने दोनदा घेतली. पुढे टांगा.

संग्रहालयाच्या दारातच पाटी होती: मूर्तींना हात लावू नये, फोटोसाठी लेखी परवानगी घ्यावी.

"अर्ज कुणाला द्यायचा?" मी विचारलं.

"साब को. और साब आज छुट्टी पे," म्हणत म्हाताऱ्या चौकीदाराने कॅमेरा आपल्या कपाटात ठेवला.

तिसऱ्या दालनात, भिंतीकडे पाठ करून ती उभी होती. नाकडोळे झिजलेले. खाली चिठ्ठी: 'प्राप्तिस्थान अज्ञात.'

"अज्ञात कशी?" आत्याचा हात पुढे गेलाच.

"माँजी, हाथ नी लगाना!"

"अरे भिया, हिच्या पाठीत खळगा असेल. मी त्यात चिंचोके लपवायची. तेवढा चाचपू दे."

"कायदा सबके लिए एक है."

मला त्याचा राग आला. मग त्या झिजल्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो झिजला असेल तो असल्याच मायेच्या हातांनी. कुणाची बाजू घ्यावी कळेना.

"तुम्ही हिला पुसता ना रोज?" मी विचारलं.

मग खांद्यावरचं फडकं काढून त्याने मूर्तीमागे हात घातला. आत्या टक लावून बघत होती.

"है खड्डा. दो उँगली जाती हैं."

"दोनच?" तिचा चेहरा उतरला. "माझी तर अख्खी मूठ जायची."

"माँजी, तब मुट्ठी थी कित्ती-सी?"

आत्याने आपल्या हाताकडे पाहिलं आणि खुदकन हसली. निघताना कॅमेरा परत घेतला, तेव्हा तिने चौकीदाराला दोनदा बजावलं, "साहेबांना सांगा, देपालपूर."

परतीच्या मोटारीत ती मूठ मिटत, उघडत होती. बाईचा फोटो काही मिळाला नाही. घरी आल्यावर अंगणातल्या उजेडात मी कॅमेरा तिच्या मुठीसमोर धरला.

"थांब," आत्या म्हणाली, "आधी अर्ज दे."