शेळी व्याली त्याची गोष्ट

एकाहत्तर साली माझी बदली तिसगावजवळच्या एका लहान गावातल्या शाळेत झाली आणि चौथीचा वर्ग माझ्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात मी मुलांना 'आमची सहल' हा निबंध लिहायला दिला. वह्या तपासायला घेतल्या तर बत्तीस वह्यांत एकच सहल. सगळ्यांनी समुद्रात बुडणारा सूर्य पाहिला होता! खरं तर त्यांच्यातल्या बहुतेकांनी नगरचं स्टँडसुद्धा पाहिलेलं नव्हतं. आधी कधीतरी फळ्यावरून उतरवून घेतलेला निबंध साऱ्यांना तोंडपाठ होता.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आज पाठ केलेलं काही नको. काल घरी जे घडलं तेवढंच लिहा."

मुलं एकमेकांच्या वहीत डोकावू लागली. शेवटी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी उभी राहिली. "बाई, आमच्यात काल कायबी झालं न्हाई. निस्ती शेळी व्याली."

"मग?"

"मंग दोन करडं झाली. एक हलतच नव्हतं. आई म्हनली, गेलं हे. पर मी गोनपाट घेतलं अन्..."

मागची मुलं गुडघ्यांवर उभी राहून ऐकू लागली. मी तिला तिथंच थांबवलं. "पुढचं सांगू नकोस. लिही."

"असंच लिव्हू? हुतं, न्हाई, असलं?"

"आत्ता बोललीस तसंच."

पोरांनी नाराजीचा सूर काढला, पण ती खाली मान घालून तास संपेपर्यंत लिहीत राहिली.

पुढच्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. नेमकी तिचीच वही त्यांनी उचलली. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पानाच्या तळाशी येऊन ते थांबले आणि वर बघून त्यांनी विचारलं, "वाचलं का गं ते करडू?"

ती म्हणाली, "पान उलटा की, सायेब."

वर्ग खो खो हसला. मी घाईनं तिला खाली बसायची खूण केली. साहेबही हसले आणि त्यांनी पान उलटलं. तिनं लिहिलं होतं : 'मी त्याला लई घासलं. नाकात फुकलं. मंग ते शिकलं. आई हासली अन् रडली बी.'

"शिंकलं," साहेब म्हणाले, आणि तिच्याकडून पेन्सिल मागून घेऊन त्यांनी स्वतः 'शि'वर अनुस्वार दिला.

शेरेबुकात त्यांनी 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' असं लिहिलं. ते बरोबरच होतं. मी शुद्धलेखन शिकवलं, पण गोष्ट लिहून पुरी झाल्यावर. मग कुणी विहिरीत पडलेल्या बादलीबद्दल लिहिलं, कुणी मामाच्या लग्नात हरवलेल्या चपलेबद्दल. बत्तीस वह्या, बत्तीस घरं. त्या वर्षी वह्या घरी न्यायची मला घाई असायची.