समोरच्यांचा वकील

ती दुपार आठवली की आधी कडुलिंबाच्या मोहोराचा वास येतो. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली माझं टेबल. कागदांवर मोहोर गळत होता, जेवण अंगावर आलं होतं, आणि मी बसल्या बसल्या पेंगत होतो. त्या अर्धवट झोपेतच ती बाई समोर येऊन बसली. देवगाव रंगारीची. हातात लेकाच्या सहीचं वकीलपत्र, वकिलाच्या नावाची जागा कोरी.

लेक शाळेची व्हॅन चालवायचा. पैठण रोडला व्हॅन उलटली, एका पोरीचा पाय चिरडला, आणि या ड्रायव्हरचा फोटो मोबाइलवर अख्ख्या शहरात फिरला. माझी मुलगी त्याच शाळेत. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘याचं वकीलपत्र घेईल त्याचंही तोंड काळं करा.’ त्याखाली अंगठा देणाऱ्यांत अस्मादिकही होते!

"चौघांनी नाय म्हणलं, साहेब. उद्या जामिनाची तारीख हाय. वकील नसंल तर लेकरू आतच राहील."

आम्ही वकील तोंडावर नाही म्हणत नाही. समोरच्यांचं काम आपल्याकडं आहे म्हटलं की माणूस मुकाट उठतो. मीही तेच केलं. "पोरीच्या वडिलांनी मला नेमलंय, मावशी."

ती उठली नाही. उलट पुढं सरकली. "मंग तुमाला ठावं असंल. पोरगी कशी हाय? चालती का?"

मला काय कप्पाळ माहीत! "बरी आहे," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. "लई जीव टांगणीला होता बघा. त्यांना सांगा, माझ्या लेकानंच तिला उचलून दवाखान्यात नेलं. पळून नाय गेला."

ती गेली. मोहोर गळतच होता. मला माझीच शिसारी आली, अगदी मनापासून. उठलो आणि धावत फाटकापाशी तिला गाठलं.

"मावशी, द्या ते वकीलपत्र. मी लढतो."

तिनं कागद छातीशी धरला. "असं नका करू, साहेब. त्यांनी भरोसा ठिवलाय तुमच्यावर. त्यांचं बी लेकरूच हाय."

खोटं बोललो होतो, एवढंच सांगायचं होतं. ते सोडून मी कोटावरचा मोहोर झटकत राहिलो. ती माघारी वळली, दुसऱ्या एका टेबलासमोर जाऊन बसली आणि कागद पुढं केला. तिथल्या वकिलानं वर न बघताच नाही म्हटलं.