मैनाबाईची गाडी चरायला जाते

बोरी अरबच्या बाजारात कोणीतरी पहिल्यांदा कुजबुजलं, की मैनाबाई भुतं पाळते. दुपारी तांडा सावलीला पडला की ती आपली बॅटरीची तीनचाकी घेऊन मसणवट्यात जाते आणि परत आली की गाडी आवाज न करता पळते. पेट्रोल नाही, डिझेल नाही, घरच्या मीटरला वायर लावलेली हल्ली कोणी पाहिली नाही. मग ओढतं कोण? ज्यांना तिथं जाळलं तेच! ही बातमी मैनाबाईच्या आधी तांड्यावर पोचली. पहिला कुजबुजणारा कोण, त्याचं नाव मी घेत नाही. एवढंच सांगतो, त्याच्या नव्या गाडीला तेव्हा झेंडूचा हार होता.

मैनाबाई म्हणजे आमच्या प्रेमसिंगची बायको. एसटी तांड्यावर यायची बंद झाली, कापूस वेचणाऱ्या बाया वावरापर्यंत तंगड्या तोडत जाऊ लागल्या, तेव्हा हिनं गाडी घेतली. प्रेमसिंग म्हणाला, "बाईमाणूस गाडी चालवते काय?" ती म्हणाली, "मंग तू चालव, मी खाटेवर पडते." हा सौदा प्रेमसिंगला परवडणारा नव्हता.

आता विठ्ठलराव. कापसाचं, तुरीचं मोठं वावर, आणि त्या साली घेतलेली विजेवरची चकचकीत मोटार. चहाच्या टपरीसमोर ती अशी आडवी लावायचे की पाहिल्याशिवाय चहा मिळू नये.

"धूर आहे का? नाही! पारा पंचेचाळिसावर गेला, पाऊस दडी मारून बसला. कोणीतरी काही करायले पाहिजे का नाही? म्यां केलं."

मैनाबाई सवारी उतरवत होती. "भाऊ, वीज कुठून येते?"

"खांबावरून."

"अन् खांबात कुठून येते? वणीचा कोळसा जळते तवा तुमची मोटार पळते. धूर बंद नाही केला तुम्ही, दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडला. अन् येवढ्या मोठ्या गाडीत बसता एकटेच!"

टपरी खदखदली. पण विठ्ठलरावही काही कच्चे नव्हते. "अन् तुही गाडी काय शेणावर चालते? ते बी त्याच खांबाले लटकते ना?"

टपरी पुन्हा खदखदली, या खेपेस जास्त. टपरीचं काय, जो बोलेल त्याच्या बाजूनं हसते. माणूस खोटं बोलला असता तर मैनाबाईनं त्याला तिथंच सोललं असतं. पण तो खरं बोलला होता, आणि तेच तिला झोंबलं.

तिच्या आज्याचा तांडा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख फिरायचा. बैल चरायचे ते वाटेतल्या माळावर. दुसऱ्याच्या गोठ्यातल्या गव्हाणीला तोंड लावायचे नाहीत. हे ती पोरींना ऐटीत सांगायची. आणि तिचीच गाडी रोज परक्या गव्हाणीला! पुढच्या आठवड्यापासून गाडी दुपारची मसणवट्याकडे वळू लागली. बाईमाणूस, आणि मसणवट्यात! कोणी विचारलं तर म्हणायची, "गाडी चारायले नेली होती." कोणी जास्तच खोदलं तर, "भेव नसन वाटत तर ये ना पाह्यले." गेलं कोणीच नाही. आपल्याकडं भुतापेक्षा भुताची गोष्ट बरी.

पण गोष्टीनं घात केला. ऐन वेचणीत बाया गाडीत बसेनात. सकाळी मैनाबाई तांड्याच्या तोंडाशी उभी, गाडी रिकामी. बाया पदर ओढून बाजूनं पायी चाललेल्या. प्रेमसिंग म्हणाला, "सांगून टाक न खरं." ती म्हणाली, "म्यां काय चोरी केली का, सांगत फिरायले? सवारी नाही मिळाली तर गाडी इकीन, पण कोणापुढं हात जोडणार नाही."

आणि मजा पाहा. त्या बाया ज्या वावरात उशिरा पोचत होत्या, ते वावर विठ्ठलरावांचं! बोंडं फुटून लोंबत होती. एक दिवस ते स्वतःच मोटार घेऊन तांड्यावर आले.

"काहून उशीर करून राह्यल्या वो रोज?"

जमनी, साऱ्यांत म्हातारी, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पायी येतो न पाटील. भुताच्या गाडीत कशा बसू?"

"हो... तेही आहे." विठ्ठलरावांनी मान खाजवली.

"मंग न्या तुमच्या गाडीत. चार-पाच जणी तं मावतोच."

विठ्ठलरावांनी मागच्या पांढऱ्या शिटांकडं पाहिलं. मग बायांच्या मातीनं भरलेल्या पायांकडं. "तसं नाही... नवी गाडी आहे... शिटा खराब..."

"याडी ये!" जमनी आईचं नाव घेऊन कडाडली. "जित्या माणसाच्या गाडीत आपल्याले जागा नाही. भुतं तरी बसू देतात ना! चला गं!"

तिथंच रिकाम्या उभ्या असलेल्या मैनाबाईच्या गाडीत ती पहिली चढली. मागोमाग साऱ्या. गाडीत तीळ ठेवायला जागा उरली नाही. मैनाबाईनं गाडी मुद्दाम मोटारीला घासत नेली आणि मान बाहेर काढली.

"भाऊ, पृथ्वी वाचवाची असन तं मागची दांडी धरून उभे राहा. एका माणसाची जागा आहे!"

विठ्ठलराव उभे राहिले नाहीत. एकटेच मोटारीत बसून मागोमाग आले. त्या हंगामात बाया पुन्हा पायी गेल्या नाहीत.

मसणवट्याच्या शेडवर ग्रामपंचायतीनं सोलर लावलं आहे, अंत्यविधीनंतर हातपाय धुवायच्या पाण्याच्या पंपासाठी. पंप क्वचितच चालतो. बाकी दिवस मैनाबाई सरपंचाच्या परवानगीनं, भाडं भरून, तिथं गाडी चार्ज करते.