कमरेचा दोर
मे महिन्यातला शेवटचा रविवार, साल एकोणीसशे शहाण्णव. जबाबदार इसम दोन, झाडे छाटणारा ठेकेदार आणि आमच्या नेरूळच्या सोसायटीचे तत्कालीन सचिव. ताज्या कापलेल्या लाकडाचा ओलसर वास आला की ही दोन माणसे माझ्यासमोर उभी राहतात. पावसाळ्यापूर्वी गुलमोहराची एक जड फांदी उतरवायची होती. दिघ्याहून आलेला कामगार कमरेचा दोर खोडाला आवळून वर बसला होता. खाली सचिवांची नवी गाडी होती आणि चावी घेऊन त्यांचा मुलगा बाजारात गेला होता. फांदी दोराने सावकाश सोडावी, काचेवर पडता कामा नये, असे सचिवांनी बजावले. "सायेब, दोर एकच हाय. फांदीला बांधू का मला?" त्याने वरून हसत विचारले. "दोन मिनिटांचं काम, टेन्शन कशाला घेतोस? सोड कमरेचा!" ठेकेदार ओरडला. मी गॅलरीतून "थांबा, दुसरा दोर आणा" असे ओरडलो. त्यावर "वकीलसाहेब, कोर्ट उद्या उघडतं," असे सचिव म्हणाले आणि हशा पिकला. कामगाराने कमरेचा दोर सोडून फांदीला बांधला आणि ती कापायला घेतली. तुटताच ती झुलून त्याच्या छातीवर आदळली आणि तो सिमेंटवर पडला, जागीच गेला. फांदी दोराला लोंबकळत राहिली, गाडीवर ओरखडाही उठला नाही. ठेकेदाराने जबाबात "तोल गेला" एवढेच लिहून दिले, त्याखाली साक्षीदार म्हणून सचिवांनी सही केली. सचिव आजही हयात आहेत. त्या कामगाराचा तोल गेला की त्याचा दोर काढून घेतला, हे त्यांनी सर्वसाधारण सभेत उभे राहून, सर्वांसमक्ष सांगावे.