बेटावर हरवलेल्याची घरझडती

ती झडती आठवली की मला अजून माझाच राग येतो. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात फौजदार होतो. एके दिवशी ठाण्यात मुंबईहून टपाल आलं. तेलुगू विणकरांच्या वस्तीतला एक तरुण परदेशी प्रवासी जहाजावर टॉवेल धुण्याच्या कामाला होता. जहाज कंपनीच्या मालकीचं दूर समुद्रात एक बेट होतं. तिथं ना गाव, ना घर. नुसती नारळाची झाडं आणि पांढरी वाळू. जहाज दिवसभर थांबायचं, साहेब-मडमा पोहायच्या, संध्याकाळी सगळे परत. त्या संध्याकाळी मोजदाद झाली तेव्हा हा एकटा कमी भरला. एका मडमेची सोन्याची साखळीही गायब होती. तो पळून घरी आलाय का, याचा तपास करायचा होता.

आमचे हेड कॉन्स्टेबल हसले. "साहेब, समुद्रातला माणूस सोलापुरात कुटं उगवायचा? हितं प्यायला पाणी न्हाय!"

पण आठवड्यात खबर लागली. खबऱ्या म्हणाला, "त्याची म्हातारी आई रोज दोन ताटं वाढती. दोरीवर गड्याचा सदरा वाळतोय. आत तेलुगूत बोलणं चालतंय."

आई विधवा, विड्या वळून पोट भरणारी. तिला ठाण्यात बोलावलं. साखळीचं नाव मुद्दाम काढलं नाही.

"मुलगा कुठंय?"

"आलाय की साहेब. कामाला गेलाय."

"कुठल्या कारखान्यात?"

"मला अडाणीला काय ठावं?"

इतक्या सहज कबूल होणारी आई मी पाहिली नव्हती. तिथंच शंका यायला हवी होती, पण मला आरोपी पकडायची घाई. साध्या वेशातले दोन शिपाई गल्लीत बसवले. दोन दिवस त्या घरात म्हातारीशिवाय कोणी आलं नाही की गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंच घेऊन झडतीला गेलो. दारात पुरुषाच्या चपला होत्या. मी वाकून पाहिलं. उन्हाळ्याची धूळ आत सारखी पसरलेली, पायाची बोटं टेकल्याची खूण नाही. सदरा ती रोज धुवायची, चपला झटकायच्या राहिल्या होत्या. दारात सगळी गल्ली जमलेली. मी फुशारकीनं मोठ्यांदा म्हणालो, "बाई, पोलिसांना बनवता? या घरात तुमच्याशिवाय कोणी राहत नाही!"

तिनं दारातल्या गर्दीकडे पाहिलं. "साहेब, हळू बोलायचं की वो."

मग सगळं कळलं. दुसरं ताट वाढून ती एकटीच बोलत बसायची. पोरगा हरवल्याची जहाज कंपनीची तार घरी आल्यापासून जातीतले वडीलधारे तिच्या मागे लागले होते. पोरगा बुडाला, पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी दे, दिवस घाल. "जित्या पोराला कसं जाळू? घरात हाय म्हटलं की गप बसत्यात."

ते आता गप बसणार नव्हते. दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात आली. "त्यो मेला न्हाय, एवढं कागदावर लिवून द्या."

"तसा दाखला देता येत नाही," मी म्हणालो. नियमानं बरोबरच होतं. पण 'मृत्यूचा पुरावा नाही' एवढी ओळ मला लिहिता आली असती, आणि ती खरी होती. मी लिहिली नाही. दोन दिवसांनी पुतळा जळाला.

साखळी जहाजावरच सापडल्याचं महिन्यानं कळलं. पोराचा पत्ता कधीच लागला नाही.

नोकरीत मी पुष्कळांचं खोटं पकडलं. त्या खोट्याच्या आधारानं कोण जगतंय, हे आधी बघावं, एवढं या प्रकरणानं शिकवलं. शिकलो उशिरा. आता पत्नी नाही, मुलं लांब. घर खायला उठतं तेव्हा म्हातारीची आठवण येते, आणि लाज वाटते.

बदली व्हायच्या आधी ती बाजारात दिसली. मी नजर चुकवली, तीच थांबली. म्हणाली, "साहेब, आता कवाबी या झडतीला. घरात मी एकलीच हाय."