आश्चर्याचा तास

आमची धाकटी बहीण शिक्षिका होतेय, आणि तिचा विज्ञानाचा सराव पाठ घरादाराला भोवला. आठवडाभर बादलीत चमचे, किल्ल्या, बाबांची चप्पल, सगळं बुडवून नाहीतर तरंगवून झालं. दर वेळी आईने "अगं बाई, बुडलं की!" म्हणायचं, कारण मुलं इथे चकित होतील असं पाठाच्या टाचणात लिहिलं होतं.

तिसरीच्या वर्गाने तर आईलाही मागे टाकलं. खिळा बुडाला, वर्गभर "अय्या!" लाकूड तरंगलं, डोळे हे एवढे मोठे! मागे बसलेल्या परीक्षक बाई "जिज्ञासा उत्तम जागवली" असा शेरा देऊन गेल्या. धाकटीला आभाळ ठेंगणं झालं.

ती बादली उचलत असताना पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "ताई, पास झालात ना? मागच्या ताईंनी हाच खिळा बुडवला तेव्हा आम्हाला हसू आलं आणि त्या नापास झाल्या. तेव्हापासून आम्ही नीट चकित होतो."

धाकटीचा चेहरा पडला. "मग लाकूड का तरंगतं, तेही तुम्हाला पाठ असेल!"

"नाही हो. तिथवर येईपर्यंत सगळ्याच ताईंचा तास संपतो."